पद्मावती बोट ते उल्हास नदी : बाबासाहेबांच्या चरित्रातील एक दुर्लक्षित पान

डिसेंबर महिना लागला की उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातील आमच्या वस्त्या दोन दिवसांच्या तयारीला लागतात. ६ डिसेंबरला चैत्यभूमी आणि २५ डिसेंबरला महाड. बौद्ध विहारांतून वर्गणी गोळा होते, गाड्या ठरतात, निळे झेंडे शिवले जातात. २५ डिसेंबर १९२७ रोजी विश्वरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली महाडला मनुस्मृतीचे दहन झाले, हे आमच्या शाळकरी पोरांनाही तोंडपाठ आहे. पण त्या दिवशी बाबासाहेब मुंबईहून महाडला पोचले कसे, असा प्रश्न आम्ही प्रबोधनाच्या सभांतून विचारतो तेव्हा सभा गप्प होते.

बाबासाहेब बोटीने गेले. 'पद्मावती' हे त्या बोटीचे नाव. त्यांना बोटीने जावे लागले यामागे एक कारण होते. ते कारण नीट समजून घेतले तर बोटीवर राबणाऱ्या आजच्या खलाशाच्या नोकरीचा प्रश्नही समजतो. कोकणातील लाँचवर, मुंबईच्या धक्क्यावर आणि उद्या आमच्या उल्हास नदीच्या खाडीत सुरू होऊ घातलेल्या बोटींवर काम करणाऱ्या माणसाच्या पाठीशी सरकारने का उभे राहावे, याचे उत्तर बाबासाहेबांच्या चरित्रात आहे. म्हणून त्यांचे चरित्र आज आम्ही या बाजूने वाचणार आहोत.

मसूर स्टेशनावरची बैलगाडी

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजी आणि भीमाबाई यांच्या पोटी भीमराव जन्मले. घराणे मूळचे कोकणातील आंबडव्याचे. रामजी सुभेदार पेन्शनीत निघाल्यावर कुटुंब दापोलीला आणि पुढे साताऱ्याला आले. लष्कराच्या छावणीत वाढलेल्या या मुलाला गावगाड्यातील अस्पृश्यतेचा खरा चटका बसला तो प्रवासात.

१९०१ साली वडील खटाव तालुक्यातील गोरेगावला नोकरीस होते. सुट्टीत त्यांना भेटायला भीमराव आणि इतर मुले आगगाडीने निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. आगगाडीने त्यांना जात विचारली नाही, कारण तिकीट होते. स्टेशनाबाहेर मात्र मुले महारांची आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकायची, या अटीवर एक गाडीवान राजी झाला. तो स्वतः गाडीबरोबर चालला. रात्रभर त्या लेकरांना प्यायला पाणी मिळाले नाही. बाबासाहेबांनी ही हकिगत पुढे आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे.

वाचकहो, यातला फरक ध्यानात घ्या. वाहन सरकारी नियमाने चालत होते तोवर ती मुले उतारू होती. वाहन गावाच्या मर्जीवर आले तेव्हा ती अस्पृश्य झाली.

समुद्रावरचा विद्यार्थी

वडील मुंबईला परळच्या चाळीत आले. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक झाले, पुढे पदवीधर झाले आणि सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ च्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कला पोचले. कोलंबिया विद्यापीठ, मग लंडन. हे सारे प्रवास आगबोटीचे होते. त्या काळी ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर भट्टीत कोळसा टाकणारे, डेक धुणारे, दोर ओढणारे हात मोठ्या संख्येने हिंदी माणसांचे असत. लष्कर किंवा लास्कर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खलाशांत कोकणचे, गोव्याचे, गुजरातचे, बंगालचे लोक होते. गोऱ्या खलाशापेक्षा पगार कमी आणि राहायची जागाही कमी, असा त्यांचा करारच असे.

१९१७ साली शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. ते स्वतः 'कैसर-ए-हिंद' बोटीने निघाले. सामान आणि ग्रंथ मात्र 'सॅलसेट' या दुसऱ्या बोटीवर चढले होते. पहिले महायुद्ध चालू होते. २० जुलै १९१७ रोजी जर्मन पाणबुडीने 'सॅलसेट'ला इंग्लिश खाडीत बुडवले. पोटाला चिमटा घेऊन जमवलेली ग्रंथसंपदा समुद्राच्या तळाशी गेली. तिची भरपाई म्हणून थॉमस कुक कंपनीकडून मिळालेले सहाशे रुपये घेऊन बाबासाहेब बडोद्याच्या नोकरीवर रुजू व्हायला गेले आणि तिथे जातीच्या कारणाने राहायला घरही न मिळाल्याने परत फिरले, हा इतिहास सर्वांना माहीत आहे.

आम्ही या घटनेकडे आणखी एका बाजूने पाहतो. 'सॅलसेट'वर उतारू वाचले, पण बोटीवर काम करणारी पंधरा माणसे मेली. ग्रंथांना भरपाई होती, कारण कागद होता. त्या युद्धात हजारो हिंदी खलाशी बुडाले. मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशी भवनात अशा दोन हजारांवर खलाशांचे स्मारक आहे, ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही. आमच्यातले किती जण ते पाहायला गेले आहेत?

बदलापूरचा उत्सव आणि दासगावचे बंदर

१९२३ मध्ये बाबासाहेब डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन आले. १९२४ च्या जुलैत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. मार्च १९२७ मध्ये महाडला परिषद झाली आणि २० मार्चला बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी हाती घेतले. त्यानंतर सवर्णांनी आमच्या माणसांवर लाठ्याकाठ्या चालवल्या.

याच धामधुमीत मे १९२७ मध्ये बाबासाहेब आमच्या बदलापूरला आले होते. छत्रपती शिवाजी महाराजांच्या त्रिशताब्दी जयंती उत्सवाचे अध्यक्षपद त्यांनी तिथे भूषवले. पालये शास्त्री नावाच्या ब्राह्मण गृहस्थांनी त्यांचे आतिथ्य केले. मुंबईहून बदलापूरला आगगाडी होती, त्यामुळे तो प्रवास सुखाचा झाला. आगगाडी नसलेल्या महाडची गोष्ट वेगळी होती.

डिसेंबरमध्ये सत्याग्रह परिषद ठरली. मुंबईहून महाडला जायचा सोयीचा रस्ता धरमतरवरून होता. धरमतरपर्यंत बोट आणि पुढे मोटार. पण या मार्गावरचे मोटारमालक अस्पृश्यांना आपल्या गाड्यांत घेतील याची खात्री नव्हती. म्हणून बाबासाहेबांनी तो रस्ता सोडला. २४ डिसेंबरला सकाळी दोनशेच्या वर प्रतिनिधींना घेऊन ते 'पद्मावती' बोटीने निघाले आणि हरिहरेश्वरमार्गे, सावित्री नदीच्या खाडीतून दुसऱ्या दिवशी दुपारी दासगाव बंदराला लागले. दासगाव ते महाड सुमारे पाच मैल. तेवढी पायपीट पत्करली, पण चळवळ मोटारमालकाच्या दयेवर ठेवली नाही. दासगावला हजारो सत्याग्रही वाट पाहत होते. त्याच रात्री मनुस्मृती जळाली.

कोकणच्या त्या आगबोटींचा कारभार कसा असे, हे आमच्या जुन्या माणसांना आठवत असेल. बहुतेक बंदरांत आगबोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही आणि उतारूंना पडावांतून, होड्यांतून किनाऱ्यावर आणावे लागे. त्या होडीवरच्या तांडेलाने आणि खलाशाने माणूस पाहून हात आखडला असता, तर महाडच्या सत्याग्रहाचे पुढारी खाडीतच अडकले असते. सागरी प्रवासाला परवाना होता, वेळापत्रक होते, दर ठरलेला होता. मसूरच्या बैलगाडीला यातले काहीच नव्हते.

दोन वर्षांनी याचाच दुसरा पुरावा मिळाला. ऑक्टोबर १९२९ मध्ये मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य या नात्याने बाबासाहेब खानदेशात गेले आणि चाळीसगावला उतरले. स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना महारवाड्यात न्यायला तयार झाला नाही. शेवटी आमच्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला, पण हाकणारा आपलाच सवय नसलेला माणूस बसवावा लागला. मोरीवर टांगा उधळला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचे हाड मोडले.

टांगा हाकणाऱ्या आपल्या त्या भावाला दोष देऊन उपयोग नाही. ज्या हातात पिढ्यान् पिढ्या लगाम येऊ दिला नाही, त्या हाताला टांगा हाकता कसा यावा? सार्वजनिक वाहनात बसण्याचा हक्क आणि ते वाहन चालवण्याचे शिक्षण घेऊन नोकरी मिळवण्याचा हक्क, हे दोन हक्क वेगळे नाहीत, हे आम्ही चाळीसगावच्या त्या फरशीवरून शिकतो.

कामगारांचे बाबासाहेब

बाबासाहेबांना केवळ एका जातीचे पुढारी ठरवणाऱ्यांनी त्यांच्या आयुष्यातील कामगार चळवळीचा भाग नेहमीच झाकून ठेवला. १९२८ च्या गिरणी संपात त्यांनी कम्युनिस्ट पुढाऱ्यांना रोखठोक प्रश्न केला, की विणकामाच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला का घेत नाही? त्या खात्यात पगार जास्त होता आणि धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून अस्पृश्याला दार बंद होते. त्याच वर्षी मुंबई विधिमंडळात त्यांनी स्त्री कामगारांच्या बाळंतपणाच्या लाभाची बाजू मांडली. १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ मध्ये कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांचा संपाचा हक्क हिरावणाऱ्या विधेयकाविरुद्ध मुंबईत संप घडवला.

बोटीवरच्या कामगाराची त्या काळची हलाखी गिरणी कामगाराहून निराळी नव्हती. खलाशांची भरती सारंग आणि घाटसारंग यांच्या हाती असे. नोकरी पाहिजे तर आधी सारंगाचा हात ओला करा, मग बोटीची शिडी चढा. सारंग आपल्या गावचे, आपल्या नात्यातले लोक घेई. ज्याचा बोटीवर कोणी नाही, त्याने धक्क्यावर उपाशी बसावे. १९२० साली आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेने खलाशांच्या भरतीत दलालाने पैसे घेऊ नयेत असा ठराव केला. १९२२ मध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीने रोजगार कार्यालये उघडा अशी शिफारस केली. पुढच्या शाही मजूर आयोगानेही हा प्रश्न हाताळला. कंपन्यांची तयारी नव्हती आणि सरकारला घाई नव्हती, म्हणून कागद कपाटात राहिले.

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर सदस्य झाले आणि जून १९४६ पर्यंत त्या पदावर होते. व्यापारी जहाजवाहतूक हा विषय त्यांच्या खात्याचा नव्हता, ती वाणिज्य खात्याकडे होती. वकील म्हणून आम्हाला हे स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण खोट्या श्रेयाची बाबासाहेबांना गरज नाही. त्यांनी जे केले ते या प्रश्नाचे मूळ आहे. सरकार, मालक आणि कामगार यांना एका मेजावर बसवणारी त्रिपक्षीय परिषद १९४२ पासून त्यांच्या काळात रुजली. दलालाशिवाय नोकरी मिळावी म्हणून सरकारी रोजगार विनिमय केंद्रे उभी राहिली. युद्धकाळातील तांत्रिक प्रशिक्षणाची योजना त्यांच्या खात्याकडे होती. १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींना सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास राखीव जागा मिळाल्या. कारखान्यातील आठवडा ४८ तासांचा करणारी दुरुस्ती आणि किमान वेतनाचे विधेयक त्यांनी १९४६ मध्ये मांडले. किमान वेतनाचा कायदा पुढे १९४८ मध्ये झाला.

आणखी एक काम फार थोड्यांना माहीत आहे. नद्या आणि धरणांचा विषयही मजूर खात्याकडे होता. एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. त्याच्या नावातच नौकानयन हा शब्द आहे. दामोदर आणि महानदी या खोऱ्यांच्या योजना आखताना बाबासाहेबांचा आग्रह असा, की एकाच योजनेतून पूर आटोक्यात यावा, शेतीला पाणी मिळावे, वीज निर्माण व्हावी आणि नदीतून बोटीही चालाव्यात. रेल्वेच्या मागे लागून देशाने जलमार्ग टाकून दिले, ही चूक त्यांनी ८० वर्षांपूर्वी हेरली होती. आजचे राज्यकर्ते जलवाहतुकीचे नारळ फोडताना बाबासाहेबांचे नाव घेतात काय?

रामदास, कराची आणि राज्यघटना

१९४७ च्या जुलैत बाबासाहेब मुंबईतून घटना समितीवर पुन्हा निवडून गेले. त्याच महिन्यात १७ तारखेला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेच्या वर माणसे गेली. कोकणातल्या गावोगावी आक्रोश झाला. बोट सुरक्षित आहे की नाही, हे मालकाच्या मर्जीवर सोडण्याची किंमत कोकणाने अशी मोजली.

त्यानंतर फाळणी झाली. कराचीहून बोटी भरभरून सिंधी बांधव मुंबईला उतरले आणि त्यांतील हजारो लोकांना कल्याणजवळच्या लष्करी छावणीत ठेवण्यात आले. १९४९ मध्ये त्या छावणीला उल्हास नदीवरून उल्हासनगर हे नाव मिळाले. म्हणजे आमचे हे शहर बोटीतून उतरलेल्या निर्वासितांनी वसवलेले आहे. पण त्या बोटीत सर्वांना जागा मिळाली नाही. सफाईचे काम अडेल म्हणून पाकिस्तानात अनुसूचित जातींच्या लोकांना अत्यावश्यक सेवेच्या नावाखाली अडकवून ठेवले जात होते. डिसेंबर १९४७ मध्ये कायदामंत्री बाबासाहेबांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून ही बाब मांडली आणि त्या लोकांना सोडवून आणण्याची मागणी केली. घाटावर कोणाला चढू द्यायचे आणि कोणाला थांबवायचे हा किती मोठा प्रश्न असतो, हे उल्हासनगरकरांना निराळे सांगायला नको.

मसुदा समितीचे अध्यक्ष म्हणून बाबासाहेबांच्या हातून जी घटना घडली, तिच्यात पाण्यावरच्या वाहतुकीची वाटणी आहे. सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत २५ व्या क्रमांकाला सागरी जहाजवाहतूक आणि व्यापारी नौदलाचे शिक्षण आहे. राष्ट्रीय जलमार्ग २४ व्या क्रमांकाला आहेत. राज्याच्या यादीत १३ व्या क्रमांकाला रस्ते, पूल यांच्या जोडीला तरी म्हणजे फेरी आहे. देशांतर्गत जलमार्गावरच्या यांत्रिक नौका समवर्ती यादीत ३२ व्या क्रमांकाला आहेत. शिवाय कलम ४१ मध्ये काम मिळण्याचा आणि बेकारीत मदतीचा, तर कलम ४३ मध्ये निर्वाहवेतनाचा निर्देश सरकारला दिलेला आहे. १९५५ च्या अस्पृश्यताविरोधी कायद्याने सार्वजनिक वाहनात अडवणे आणि धंद्यात, व्यवसायात अडवणे हे दोन्ही गुन्हे ठरले. मसूर आणि चाळीसगाव एकाच कलमात आले.

आजची लाँच आणि आजचा खलाशी

मोठ्या जहाजावर परदेशी जाणाऱ्या खलाशासाठी स्वातंत्र्यानंतर काही गोष्टी झाल्या. १९५० च्या दशकात मुंबईत खलाशांसाठी सरकारी रोजगार कार्यालय आले, नंबराप्रमाणे बोट मिळू लागली. १९६६ मध्ये भविष्य निर्वाह निधीचा खास कायदा झाला. पुढे खाजगीकरणाच्या लाटेत नंबराची पद्धत मोडीत निघाली आणि भरती परवानाधारक कंपन्यांकडे गेली. परवाना नसलेले दलाल आजही आमच्या वस्त्यांतील पोरांकडून लाखो रुपये उकळतात. ब्रिटिश काळातील घाटसारंग कोट-टाय घालून परत आला आहे.

कोकणच्या उतारू बोटींचे काय झाले? खाजगी कंपन्यांना परवडेना म्हणून सरकारी मालकीच्या मोगल लाइनने 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती' चालवल्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीस त्याही बंद झाल्या. उरल्या त्या खाडीतल्या आणि बंदरातल्या लाँच. त्यांच्यावरचा सारंग, इंजिन ड्रायव्हर आणि खलाशी हा ना धड दर्यावर्दी, ना धड कारखान्याचा कामगार. सागरी कायद्याकडे गेला तर ते म्हणतात तू खाडीतला, राज्याकडे गेला तर ते म्हणतात तू मक्तेदाराचा. १८६८ च्या मुंबई तरी कायद्यापासून तरीचा मक्ता लिलावात देण्याची रीत आहे. लिलावात बोली उतारूंच्या भाड्यावर लागते, खलाशाच्या पोटावर लागत नाही. गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. दर्या खवळलेला असताना बोट बंद ठेवणे योग्यच. पण त्या महिन्यांत खलाशाची चूल कोणी पेटवायची?

सरकार जलवाहतुकीला पैसा देत नाही असे कोणी म्हणू नये. सागरमाला योजनेतून जेट्ट्या झाल्या, मांडव्याला लाटरोधक भिंत झाली. १५ मार्च २०२० रोजी भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये वसई-भाईंदर सुरू झाली. २०१६ च्या कायद्याने कल्याण-ठाणे-मुंबई जलमार्ग, वसई खाडी आणि उल्हास नदी मिळून १४५ किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ जाहीर झाला. डोंबिवली, काल्हेर, कोलशेत अशा ठिकाणी जेट्ट्यांचे बेत झाले. सिमेंटला मदत आहे, लोखंडाला मदत आहे. बोट चालवणाऱ्या माणसाला काय आहे?

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. ज्या पी अँड ओ कंपनीच्या 'कैसर-ए-हिंद' आणि 'सॅलसेट' या बोटी होत्या, तिच्याच नावाने इंग्लंडात चालणाऱ्या फेरी कंपनीने १७ मार्च २०२२ रोजी सुमारे ८०० खलाशांना पूर्वसूचना न देता एका दिवसात काढून टाकले आणि सरासरी ताशी साडेपाच पौंडांवर एजन्सीची माणसे आणली. तिथले किमान वेतन त्याहून बरेच जास्त होते. देशभर संताप उसळला आणि २०२३ मध्ये ब्रिटनला खलाशांच्या वेतनाचा निराळा कायदा करावा लागला. या कंपनीची मालक दुबईची डीपी वर्ल्ड आहे आणि तीच आपल्या न्हावा-शेवा बंदरातही धंदा करते. तिकडचे कामगार रस्त्यावर आले म्हणून कायदा झाला, हे आम्ही विसरू नये.

खलाशाची नोकरी पक्की असणे हा उतारूच्या जिवाचाही प्रश्न आहे. २७ जुलै २०१९ रोजी आमच्या बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली, तेव्हा हजारावर उतारूंना सोडवताना बोटीच कामी आल्या. बोट हाकणारे हात शिकलेले होते म्हणून माणसे वाचली. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळून १५ जणांचे प्राण गेले. त्यानंतर जीवरक्षक जाकिटांची सक्ती झाली, ती हवीच होती. पण जादा उतारू घेऊ नका असे मालकाला सांगण्याची हिंमत रोजंदारीवरच्या खलाशात कुठून येणार? तोंड उघडले की दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. नोकरीला संरक्षण असलेला खलाशीच नाही म्हणू शकतो.

मागणी काय करायची?

अंबरनाथ, उल्हासनगर, मोहने या पट्ट्यातील अनेक गिरण्या आणि कारखाने बंद पडले. आमची मुले आज गोदामांत आणि कंत्राटी पाळ्यांत राबतात. उल्हास नदीवर उद्या बोटी चालल्या तर ते काम नव्याने उघडणारे दार असेल. ते दार पुन्हा नात्यागोत्याच्या आणि दलालाच्या ताब्यात जाऊ द्यायचे नसेल, तर बोट पाण्यात उतरण्याआधी बोलले पाहिजे. आमच्या मागण्या साध्या आहेत आणि घटनेच्या चौकटीतल्या आहेत.

पहिली, फेरीचा परवाना किंवा मक्ता देताना खलाशांचे नियुक्तिपत्र, भविष्य निर्वाह निधी, विमा आणि ठरावीक वेतन या अटी करारातच असाव्यात आणि त्या मोडल्या तर परवाना रद्द व्हावा. दुसरी, लाँच आणि फेरीवरील कामगारांची सरकारी नोंदवही असावी आणि भरती नंबराप्रमाणे व्हावी. तिसरी, पावसाळ्यातील बंद काळासाठी निर्वाहभत्ता मिळावा. २०२१ च्या अंतर्देशीय नौका कायद्यात विकास निधीची तरतूद आहे. त्या निधीचे नियम करताना राज्याने खलाशांच्या प्रशिक्षणाचा आणि कल्याणाचा वाटा ठेवावा. चौथी, सारंग आणि इंजिन ड्रायव्हरचे प्रमाणपत्र देणारे मोफत प्रशिक्षण केंद्र कल्याण परिसरात निघावे. त्यात अनुसूचित जाती-जमातींना राखीव जागा असाव्यात आणि खाडीवर पिढ्यान् पिढ्या जगलेल्या आगरी-कोळी बांधवांचा हक्कही जपला जावा. ते आमचे प्रतिस्पर्धी नाहीत. या लढ्यात ते आमचे सोबती आहेत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुने कामगार कायदे जाऊन चार श्रमसंहिता लागू झाल्या आहेत. बाबासाहेबांनी मांडलेले किमान वेतन आता नव्या संहितेच्या पोटात आहे. तिचे नियम राबवताना फेरीवरचा कामगार सुटला तर नंतर कोर्टात वर्षानुवर्षे खेटे घालावे लागतील. आम्ही वकील आहोत, म्हणून हे अनुभवाने सांगतो, की करारात नसलेली अट न्यायाधीशाच्या मनात असली तरी निकालपत्रात उतरत नाही.

६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांचा देह विमानाने मुंबईला आणला आणि दादरच्या समुद्रकिनाऱ्यावर लाखोंच्या साक्षीने अग्नी दिला गेला. बैलगाडी नाकारलेला मुलगा देशाला घटना देऊन त्या किनाऱ्यावर विसावला. चैत्यभूमीवर वंदन करून मागे वळलो की समोर दर्या दिसतो आणि दर्यावर बोटी दिसतात. प्रत्येक बोटीवर कोणाचा तरी मुलगा नोकरीला आहे. त्याच्या हातात नियुक्तिपत्र आहे काय, एवढा प्रश्न या डिसेंबरात आपल्या नगरसेवकाला, आमदाराला आणि खासदाराला विचारा. विहारातल्या पुढच्या बैठकीत ठराव करा, निवेदन लिहा आणि त्यावर आगरी, कोळी, सिंधी शेजाऱ्यांच्या सह्याही घ्या. निवेदनाचा मसुदा करून द्यायला आम्ही तयार आहोत.

जयभीम!